हसणारा वाचक आणि तपासणारा वाचक : ‘द रेड हाउस मिस्टरी’विषयीची मतमतांतरे

रहस्यकादंबरी मिटवल्यावर वाचकाच्या तोंडून साधारणपणे दोनपैकी एक वाक्य येते. ‘मजा आली’ हे पहिले आणि ‘पण हे पटत नाही’ हे दुसरे. कादंबरी विनोदी असेल तर ही दोन्ही वाक्ये एकाच पुस्तकाबद्दल, कधीकधी एकाच वाचकाकडून ऐकायला मिळतात. एरवी आपण अशा अभिप्रायांना फारसे महत्त्व देत नाही. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय संपवतो. समीक्षेच्या दृष्टीने मात्र विषय तिथे सुरू होतो. दोन जाणत्या वाचकांना एकच पुस्तक इतके वेगळे का दिसावे, याचे उत्तर पुष्कळदा त्या पुस्तकाच्या घडणीतच असते.

प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे हा मुद्दा तपासून पाहायचा आहे. ए. ए. मिल्न यांची ‘द रेड हाउस मिस्टरी’ ही कादंबरी १९२२ मध्ये लंडनच्या मेथुएन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. पुढे ‘विनी द पू’मुळे (१९२६) जगभरच्या मुलांना ठाऊक झालेले हेच ते मिल्न. तिचा नायक हौशी शोधक आहे आणि शैली खेळकर आहे. तिच्याविषयी नोंदवली गेलेली मते टोकाची आहेत. कोणी तिला सर्वकालीन श्रेष्ठ रहस्यकथांत बसवले, तर कोणी तिच्या कथानकाचा पायाच खोटा ठरवला. यातले कोण बरोबर, हा माझा प्रश्न नाही. वाचक जिथे हसतो आणि वाचक जिथे अडखळतो, ती या कादंबरीतली जागा एकच आहे, असे मला वाटते आणि तेच येथे दाखवायचे आहे. या विवेचनात रहस्याचा उलगडा करावा लागणार आहे. ज्यांना कादंबरी कोऱ्या मनाने वाचायची असेल त्यांनी आधी ती वाचावी, मग हा लेख.

१. कथानक

उन्हाळ्यातली एक सुस्त दुपार. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील ‘रेड हाउस’ या घरात मार्क अ‍ॅबलेट या धनिकाने पाहुणे जमवले आहेत. मार्क हौशी आणि मानी गृहस्थ आहे. आपल्या अभिनयकौशल्याचा त्याला विशेष अभिमान आहे. त्याचा चुलतभाऊ मॅथ्यू केली घराचा सगळा कारभार पाहतो. सकाळी न्याहारीच्या वेळी मार्क सर्वांना सांगतो, की ऑस्ट्रेलियात गेलेला आपला वाया गेलेला भाऊ रॉबर्ट आज दुपारी येणार आहे. पाहुणे गोल्फ खेळायला जातात. दुपारी रॉबर्ट येतो, त्याला कचेरीच्या खोलीत बसवले जाते, थोड्या वेळाने बंदुकीच्या गोळीचा आवाज होतो. केली बंद दारावर धडका देत असतानाच अँटनी गिलिंगहॅम हा तरुण तेथे पोहोचतो. तो आपला मित्र बिल बेव्हर्ली याला भेटायला सहज चालत आलेला आहे. दोघे वळसा घालून खिडकीतून आत शिरतात. आत एक माणूस गोळी लागून मरून पडला आहे आणि मार्क बेपत्ता आहे.

भाऊ मेला आणि दुसरा भाऊ पळाला, म्हणजे पळालेल्याने खून केला, असा पोलिसांचा सरळ हिशेब. गिलिंगहॅमला मात्र एक छोटी गोष्ट खटकते. खिडकीकडे धावताना केली जवळची वाट सोडून लांबच्या वाटेने का गेला? एवढ्या धाग्यावरून तो तपासाला लागतो. बिल त्याचा वॉटसन होतो. ग्रंथालयातून निघणारा गुप्त मार्ग, रात्री तळ्यात गुपचूप बुडवलेले कपडे, त्या कपड्यांत नसलेली एकच वस्तू म्हणजे कॉलर, असे टप्पे घेत कथा पुढे सरकते.

उलगडा असा. त्या दिवशी रॉबर्ट आलाच नव्हता. रॉबर्टच्या सोंगात आलेला माणूस म्हणजे मार्क स्वतः. पाहुण्यांपैकी मिस नॉरिस या अभिनेत्रीने पूर्वी भुताचे सोंग घेऊन सर्वांना घाबरवले होते आणि त्यावर मार्क चिडला होता. तिची फिरकी घेण्यासाठी रॉबर्टचे सोंग काढ, असे केलीने त्याच्या डोक्यात भरवले. मार्कने दाढी काढली, वेश बदलला, स्वतःच्या घरात परका म्हणून पाऊल टाकले. मग केलीने त्याला गोळी घातली. मेला तो ‘रॉबर्ट’ ठरला आणि पळाला तो ‘मार्क’ ठरला. केलीचे जिच्यावर प्रेम होते त्या तरुणीशी मार्क लग्न करू पाहत होता, हे त्यामागचे कारण.

२. पहिले वाचक : वडील, दलाल आणि प्रकाशक

कोणत्याही कादंबरीचे सर्वांत आधीचे वाचक तिचे प्रकाशन होण्यापूर्वीचे असतात. मिल्न यांनी ही कादंबरी आपल्या वडिलांना, जॉन व्हाइन मिल्न यांना, अर्पण केली आहे. वडिलांना रहस्यकथांची आवड होती आणि त्यांच्या मते अशा कथा पुरेशा नव्हत्या. मुलाने आपल्या परीने त्यात एकीची भर घातली. म्हणजे ही कादंबरी एका विशिष्ट वाचकाच्या आनंदासाठी लिहिलेली होती आणि तो वाचक या प्रकारात मुरलेला होता.

दलालाचे आणि प्रकाशकाचे मत याच्या उलट होते. मिल्न १९०६ पासून ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे साहाय्यक संपादक होते आणि त्या नात्याने त्यांचे नाव झाले होते. विनोदी लेखकाने विनोदी गोष्टच लिहावी, लोकांना तीच हवी असते, असे त्यांना सांगण्यात आले. मिल्न यांनी ऐकले नाही. कादंबरी चालली. दोन वर्षांनी त्यांनी बालगीतांचा संग्रह करायचा ठरवला, तेव्हा त्याच मंडळींची खात्री झाली होती की लोकांना आता मिल्न यांच्याकडून दुसरी रहस्यकथाच हवी आहे. हा किस्सा मिल्न यांनीच १९२६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मिस्कीलपणे सांगितला आहे.

किस्सा गमतीचा असला तरी त्यात एक जुना प्रश्न आहे. विनोद आणि रहस्य ही दोन वेगळी दुकाने आहेत आणि वाचक एका वेळी एकाच दुकानात जातो, असे गृहीत धरले जाते. आपल्याकडेही हीच समजूत आहे. मराठी ग्रंथालयात बडोद्याच्या चिं. वि. जोशींचा चिमणराव एका कपाटात असतो. बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळापहाड दुसऱ्या. दोन्ही कपाटे रिकामी होईपर्यंत वाचणारे वाचक तेच असतात, हे मात्र आपण विसरतो. इंदूरमध्ये जन्मलेल्या भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’मध्ये धाडस, शोध आणि खट्याळपणा सहज एकत्र नांदले, पण ती बालकुमार वाङ्मयात गणली गेली आणि मोठ्यांच्या समीक्षेत या मिश्रणाचा विचार फारसा झाला नाही.

३. हौशी शोधक आणि वाचकाशी बरोबरी

१९२६ च्या त्या प्रस्तावनेत मिल्न यांनी वाचक म्हणून आपल्या अपेक्षा मांडल्या आहेत. त्यांचा आशय थोडक्यात असा : भाषा साधी असावी; प्रेमप्रकरणाने तपासात लुडबूड करू नये; शोधक धंदेवाईक नसावा; सूक्ष्मदर्शक घेऊन धुळीचे कण तपासणारा शास्त्रज्ञही नसावा; त्याला एक वॉटसन असावा, पण तो मूर्ख नसावा. या सगळ्यांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. शोधकाला जे कळते ते सामान्य वाचकालाही कळू शकेल असे असावे. शोधकाच्या हाती विशेष विद्या असली की वाचक प्रेक्षक होतो. ती नसली की तो स्पर्धक होतो.

येथे विनोदाचा धागा कसा जुळतो तेही लक्षात घ्यावे. अँटनी गिलिंगहॅम खाऊनपिऊन सुखी आहे, पण एका कामात त्याचे मन रमत नाही. त्याने निरनिराळी कामे करून पाहिली आहेत : बातमीदार, हॉटेलातला वाढपी, दुकानातला विक्रेता. शोधक होणे हे त्यातलेच पुढचे काम. त्याच्याकडे बिरुद नाही, अधिकार नाही, त्यामुळे आपला आब राखण्याची त्याला गरज नाही. तो अंदाज बांधतो, ते कोसळतात, स्वतःवर हसतो, नवे बांधतो. बिलशी त्याचे बोलणे होम्स-वॉटसनची नक्कल करत चालते आणि आपण नक्कल करत आहोत हे दोघांनाही ठाऊक असते. या विनोदाला बळी पडणारे कोणी नाही. मृत माणसाची चेष्टा त्यात नाही, नोकरचाकरांची टवाळीही जवळजवळ नाही. दोन मित्रांना एकत्र विचार करण्यात जो आनंद होतो, त्याचे हे हसू आहे.

या खेळकरपणाच्या आड तर्काची शिस्तही आहे. कॉलरचेच उदाहरण घेऊ. मार्कचे अंगावरचे सगळे कपडे लपवण्याची गरज का पडावी? पळून जाणारा माणूस कपडे बदलून जात असेल तर एक कोट लपवला तरी पुरे. आतल्या कपड्यांसकट सगळे लपवले, याचा अर्थ त्या माणसाने अंगावरचे सगळेच बदलले होते. मग कॉलर का नाही? ती धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत सापडते. कपडे बदलताना कॉलर टोपलीत टाकण्याची रोजची सवय सोंग घेतानाही सुटली नाही. हा सुगावा वाचकापासून लपवलेला नाही. तो घरगुती आहे, किंचित हास्यास्पद आहे आणि म्हणूनच नजरेतून निसटतो. विनोद आणि तर्क येथे एकमेकांच्या आड येत नाहीत. विनोद तर्काला आडोसा देतो. ‘मजा आली’ म्हणणारा वाचक ज्याला दाद देतो ते हेच असावे.

अमेरिकेतील त्या काळचे वजनदार समीक्षक अलेक्झांडर वुलकॉट यांनी या कादंबरीला आजवरच्या सर्वोत्तम तीन रहस्यकथांत स्थान दिले होते. मिल्न स्वतः १९३० मध्ये लंडनला स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक होते. म्हणजे रहस्यकथाकारांच्या जाणत्या वर्तुळातही त्यांना मान होता.

४. तपासणारा वाचक : रेमंड चँडलर

प्रकाशनानंतर बावीस वर्षांनी या कादंबरीला तिचा सर्वांत कठोर वाचक भेटला. रेमंड चँडलर यांचा ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ हा निबंध डिसेंबर १९४४ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आला. त्यात त्यांनी इंग्रजी पद्धतीच्या अभिजात रहस्यकथेची झाडाझडती घेतली आणि नमुन्यादाखल हीच कादंबरी निवडली. वुलकॉट यांच्या प्रशस्तीचा उल्लेख त्यांच्याच निबंधात आहे, अर्थात एका टोमण्यासह.

चँडलर यांनी आधी श्रेय दिले आहे, हे नमूद केले पाहिजे. कादंबरी हलकीफुलकी, रंजक आहे आणि तिची सहज वाटणारी शैली वाटते तितकी सोपी नाही, असे ते मानतात. त्यांचा आक्षेप दुसरीकडे आहे. ही कथा स्वतःला तर्काचे कोडे म्हणवते. कोड्यात सत्याचा आणि संभाव्यतेचा अंश नसेल तर ते कोडेच नव्हे. मग त्यातून निष्कर्ष काढण्याजोगे काही उरत नाही.

त्यानंतर ते एकेक कलम मांडतात. मुख्य कलमे अशी. मृतदेहाची कायदेशीर ओळख पटवणारा पुरावा नसताना कोरोनर चौकशी उरकतो. मृत माणूस ऑस्ट्रेलियाहून आला म्हणतात, पण तो कधी आला, कोठे उतरला, याचा कोणी शोध घेत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला नुकतीच काढलेली दाढी आणि हातांची अवस्था पाहून शंका येत नाही. आणि सर्वांत मोठे कलम : एक माणूस बेपत्ता आहे, त्याच्याशी साम्य असलेले प्रेत समोर आहे, तरी हे प्रेत त्याचेच तर नाही ना, एवढा साधा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. हा प्रश्न कोणी विचारला असता तर कादंबरी तिथेच संपली असती.

आक्षेप बिनतोड आहेत. मी कादंबरी चँडलर यांचा निबंध वाचल्यानंतर पुन्हा वाचली, तेव्हा चौकशीचे प्रकरण पूर्वीसारखे वाचणे शक्य झाले नाही. तपासणाऱ्या वाचकाचे हे सामर्थ्य आहे. तो केवळ मत देत नाही, पुढच्या वाचकाचे वाचन बदलतो.

तरीही येथे एक गंमत नोंदवली पाहिजे. चँडलर यांच्या स्वतःच्या ‘द बिग स्लीप’ (१९३९) या कादंबरीत एका शोफरचा मृत्यू होतो. १९४६ च्या चित्रपटाच्या वेळी त्याला कोणी मारले, अशी तार करून चँडलर यांना विचारणा झाली. आपल्यालाही ते माहीत नव्हते, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. ही कबुली काढून त्यांना खोटे पाडायचे नाही. ‘द बिग स्लीप’चे वाचक त्या शोफरवाचून अडत नाहीत, कारण त्या कादंबरीने त्यांना कोड्याचे वचन दिलेलेच नसते, तिने एका शहराचे, त्याच्या भ्रष्टतेचे आणि एका थकलेल्या प्रामाणिक माणसाचे वचन दिलेले असते. म्हणजे कथानकातली फट दोन्हीकडे आहे. ती दोष ठरते की नाही, हे त्या पुस्तकाने वाचकाशी कोणता करार केला यावर ठरते. मिल्न यांनी कोड्याचा करार केला होता. त्या कराराने पाहता चँडलर यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

५. हसू आणि फट एकाच जागी

मग वुलकॉट आणि त्यांच्यासारखे असंख्य वाचक फसले, असे म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. येथे आपल्या काव्यशास्त्रातील एक जुना विचार उपयोगी पडतो. रसविरोधाच्या चर्चेत विश्वनाथाने हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण या दोन रसांचा उल्लेख केला आहे. खुनाच्या कथेत हे दोन्ही जन्मजात असतात. खून म्हटला की भय आले, मृत्यू म्हटला की शोक आला. अशा ठिकाणी हास्य टिकवायचे असेल तर लेखकाला या दोघांना दूर ठेवण्याची काहीतरी व्यवस्था करावी लागते.

मिल्न यांची व्यवस्था अशी आहे की मेलेल्या माणसासाठी रडणारे कोणीच नाही. रॉबर्टला घरात कोणी ओळखत नाही. तो आला आणि काही मिनिटांत मेला. त्याची कीर्तीही वाईट. पाहुण्यांना गाठभेटीचीही आठवण नाही. त्यामुळे शोकाला आधारच राहत नाही आणि भयही अल्पकाळ टिकते. पाहुणे निघून जातात. मागे उरतात दोन तरुण, एक सुंदर घर आणि एक कोडे. या मोकळ्या जागेत विनोद वावरतो.

आता चँडलर यांच्या कलमांकडे पुन्हा पाहावे. ओळख का पटवली गेली नाही? कारण रॉबर्टला ओळखणारे कोणी नव्हते. चेहऱ्याकडे कोणी नीट का पाहिले नाही? कारण परक्याच्या चेहऱ्याकडे शोकाने पाहणारे कोणी नव्हते. मृताच्या बाजूने बोलणारे एक जरी माणूस घरात असते, आई, बहीण, जुना नोकर, तर कट त्या संध्याकाळीच उघडा पडला असता, आणि त्याच वेळी कादंबरीतला विनोदही असह्य झाला असता. याचा अर्थ ज्या कारणामुळे वाचकाला हसता येते, त्याच कारणामुळे खुनी सुटतो. चँडलर यांनी जिथे बोट ठेवले ती जागा कादंबरीची नुसती फट नाही, तो तिचा सांधा आहे. सांधा कच्चा आहे हे खरे, पण कोठे आहे हे ओळखल्यावाचून कादंबरी कळत नाही.

याहूनही पुढे जाता येते. मार्क मरतो कशाने? एका थट्टेने. मिस नॉरिसची भुताची थट्टा, तिला उत्तर म्हणून सोंगाची थट्टा, आणि त्या सोंगात मृत्यू. तो स्वतःच्याच विनोदावर खूश होत मृत्यूच्या खोलीत शिरतो. म्हणजे विनोद हा या कथेवर वरून शिंपडलेला मसाला नाही. तो खुनाचे हत्यार आहे. वाचकालाही त्याच हत्याराने गाफील ठेवले जाते. हसता हसता आपणही त्या चेहऱ्याकडे पाहायचे विसरलो, हे शेवटी उमगते. केलीच्या कबुलीपत्रात जेव्हा हे सारे समोर येते तेव्हा कादंबरीचा सूर बदलतो. होम्स-वॉटसनचा खेळ संपतो. ज्याच्याशी बिलची मैत्री होती, ज्याच्या टेबलावर तो जेवला, तो माणूस खुनी असतो आणि मेलेला त्यांचा यजमान असतो. थोपवून धरलेला शोक तेथे हळूच आत येतो. मिल्न त्याला फार वेळ थांबू देत नाहीत, ही त्यांची मर्यादा म्हणता येईल.

६. ‘खून झाला आणि हे हसतात कसे?’

ही कादंबरी मी काही वेळा पदव्युत्तर वर्गात अभ्यासासाठी दिली आहे. पहिल्या दिवशी बहुतेक अभिप्राय ‘छान आहे’, ‘वेगवान आहे’, ‘शेवट कळला होता’ अशा साच्याचे असतात. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, घरात खून झाला आणि हे दोघे हसतात कसे?” तिच्या स्वरात तक्रार होती. वर्गातल्या काहींना तो प्रश्न भाबडा वाटला. मला तो त्या दिवसाचा सर्वांत चांगला अभिप्राय वाटला. चँडलर यांनी पुराव्याच्या भाषेत जे विचारले, तेच तिने माणुसकीच्या भाषेत विचारले होते : मेलेल्या माणसाकडे कोणी पाहिले का?

त्या प्रश्नाला इतिहासाचीही एक बाजू आहे. मिल्न पहिल्या महायुद्धात संदेशवहन अधिकारी म्हणून १९१६ मध्ये सोमच्या आघाडीवर होते. पुढे १९३४ मध्ये त्यांनी ‘पीस विथ ऑनर’ हे युद्धविरोधी पुस्तक लिहिले. चँडलरही त्याच युद्धात कॅनडाच्या सैन्यातून फ्रान्समध्ये लढले. हजारोंनी झालेले अर्थशून्य मृत्यू दोघांनीही जवळून पाहिले होते. एकाने नंतर असे जग रचले, जिथे एकच मृत्यू होतो, त्याला कारण असते आणि एक बुद्धिमान माणूस ते शोधून काढतो. दुसऱ्याने मृत्यूला पुन्हा गल्लीबोळातल्या खऱ्या माणसांच्या हाती दिले आणि सजावटीच्या खुनांचा राग केला. युद्धामुळेच त्यांनी असे लिहिले, असा कार्यकारणभाव मी जोडत नाही. पण हसणे म्हणजे मृत्यूविषयी बेफिकिरी, हे समीकरण मिल्न यांच्याबाबतीत तरी घाईचे ठरेल. ज्याने फार पाहिले आहे तोही हसू शकतो, आणि ते हसू वेगळे असते.

७. अभिप्राय कसा असावा

या चर्चेतून वाचकांच्या मतांबद्दल तीन गोष्टी निष्पन्न होतात.

एक, अभिप्राय देण्यापूर्वी आपण कोणता करार मान्य करून पुस्तक उघडले हे स्वतःला विचारावे. कोडे सोडवायला बसलेला वाचक आणि रविवारी दुपारी आडवा होऊन वाचणारा वाचक यांची मते भिन्न येणारच. दोघेही प्रामाणिक असतात, पण आपापली बैठक न सांगता बोलले की वाद निष्फळ होतो. वुलकॉट आणि चँडलर यांच्यात खरा मतभेद आवडीचा नव्हता. पुस्तकाकडून काय मागायचे याचा होता.

दोन, पुस्तकाने स्वतः दिलेले वचन पाळले का, हे पाहावे. आपण मागितलेले सगळे त्याने दिले पाहिजे असा आग्रह धरू नये, पण त्याने जे कबूल केले ते सोडूही नये. मिल्न यांनी वाचकाला बरोबरीचे स्थान कबूल केले आणि कॉलरसारख्या सुगाव्यांत ते पाळले. कोरोनरच्या चौकशीत मात्र पाळले नाही. ‘पूर्ण फसलेली’ किंवा ‘सर्वश्रेष्ठ’ या दोन्ही निकालांपेक्षा हा निकाल अधिक न्याय्य आहे असे मला वाटते.

तीन, आपले हसू कोठे थांबले ती जागा नोंदवावी. विनोदी रहस्यकथेच्या परीक्षणात ही नोंद सर्वांत मोलाची असते आणि तीच सहसा कोणी लिहीत नाही. ज्या पानावर हसू थांबते तेथे एकतर लेखकाचा तोल गेलेला असतो, नाहीतर लेखकाने आपल्याला जिथे आणायचे होते तिथे आणून सोडलेले असते. यातले कोणते, हे ठरवताना वाचक समीक्षक होतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी ग्रंथालयांना या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. पुस्तकखरेदीची रक्कम थोडी, वाचक मोजके, आणि वृत्तपत्री परीक्षणे आपल्या गावापर्यंत उशिरा पोहोचतात. कोणते पुस्तक मागवायचे हे पुष्कळदा चार सभासदांच्या बोलण्यावर ठरते. ते बोलणे ‘छान आहे’ एवढ्यावर थांबले तर कपाटात तीच ती पुस्तके येत राहतात. एखाद्याने ‘विनोद आवडला, पण चौकशीचे प्रकरण पटले नाही, तरीही कॉलरसाठी वाचा’ असे सांगितले, तर दुसरा वाचक डोळे उघडे ठेवून पुस्तक नेतो आणि परत करताना भांडायला थांबतो. ग्रंथालयाच्या टेबलाशी होणारे असे भांडण मला पुष्कळ परीक्षणांपेक्षा मोलाचे वाटते.

त्या विद्यार्थिनीने सत्राच्या शेवटी निबंध लिहिला. त्यात तिने आपली तक्रार मागे घेतली नव्हती, पण एक वाक्य जोडले होते : दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आले आणि हसू आल्याबद्दल मार्कची क्षमा मागावीशी वाटली. या कादंबरीविषयी हसणाऱ्या आणि तपासणाऱ्या दोन्ही वाचकांनी जे म्हटले आहे, ते त्या एका वाक्यात आले होते. मी त्या वाक्याखाली रेघ ओढली. शेरा मात्र लिहिला नाही.